आतून फुटलेली काच

मी काचा बसवतो. रुस्तावीच्या गाडीबाजारामागे,
पत्र्याच्या शेडमध्ये, बावीस वर्षं.
काच कशी फुटली हे गिऱ्हाइकानं सांगावं लागत नाही.
बाहेरून दगड लागला तर डाळीएवढा टवका उडतो,
मग त्याला पाय फुटतात
आणि थंडीच्या एका रात्रीत तो कडेपर्यंत चालत जातो.
आतून फुटते तेव्हा
काच बाहेर फुगते, बशीसारखी.
बशीचा मध्य किती उंचीवर आहे ते बघायचं
आणि गप्प राहायचं.

मंगळवारी मेराब आला.
"दगड," म्हणाला. "गोरीच्या रस्त्यावर. पुढं ट्रक होता."
मी मान हलवली.
बशी खाली होती, डॅशबोर्डच्या जवळ,
आणि भेगेत एक केस. तपकिरी, बारीक,
शेडमधल्या वाऱ्यावर हलणारा.

डॅशबोर्डवर तीन संतांची चित्रं. आरशाला क्रूस.
आम्ही असेच. रस्त्यात चर्च दिसलं
की शंभराच्या वेगात स्टिअरिंग सोडून
तीनदा छातीवर क्रूस करतो,
आणि पुढचं वळण देवाकडे.

पोरगी मागच्या सीटवर उभी होती,
कपाळाला चिकटपट्टी, हातात चुर्चखेला,
दोऱ्यावरचा अक्रोड दातांनी ओढत.
"पट्टा लावला की रडते," बाप म्हणाला, लाडानं.
"लेकराचं रडं कुणाला बघवतं?
मला तर आजोबा ट्रकच्या टपावर बसवायचे,
द्राक्षांच्या टोपल्यांवर, तेलावीपर्यंत.
मेलो का मी?"

जे मेले ते असं विचारायला येत नाहीत.
हे मी बोललो नाही.
जपानी काच महाग पडते, आणि पलीकडच्या गल्लीत
आणखी चौघे काचा बसवतात.

जुनी काच उतरवली. केस तिच्यासोबतच गेला,
भंगारात, किलोवर.
नवी बसवली, पुसली, आरपार.
मेराबनं बोटानं टकटक केलं, खूश झाला. मग म्हणाला,
"ती टिंगटिंग बंद होते का हो?
पोरगी पुढं बसली की डोकं उठवते."

मी खण उघडला.
पट्टा नसलेलं बक्कल. नुसती जीभ, चकचकीत,
वर गाडीच्या कंपनीचा शिक्का.
खाचेत सारलं की गाडीला वाटतं
कुणीतरी बांधलेलं आहे.
एक चार लारीला. दोन घेतली तर सात.
त्यानं दोन घेतली.
सुट्टे नव्हते, म्हणून मी एक लारी सोडली
आणि वर पोरीला गोळी दिली, लिंबाची.

संध्याकाळी नेस्तान शाळेच्या फाटकातून धावत आली,
नेहमीसारखी पुढं चढली.
खाचेत माझंही तेच. माझ्याच खणातलं, फुकटचं.
का कोण जाणे, उपसलं.
गाडी वाजायला लागली.
"बाबा, ही कुणाला हाक मारतेय?"
"उतर," म्हटलं. "मागं बस."
"मागून काही दिसत नाही!"
"बस म्हटलं ना."

मागचा पट्टा होता. पण तो अडकवायचं बक्कल
नव्या कव्हरखाली कधीच गडप झालेलं.
कव्हर मीच घातलं होतं. वाघाच्या पट्ट्यांचं. तिला आवडतं म्हणून.
गुडघ्यावर बसून सीटच्या फटीत हात घातला:
सूर्यफुलाची टरफलं, वीस तेत्रीचं नाणं,
ती तीन वर्षांची होती तेव्हाची केसांची पीन.
पुढच्या सीटवर तिचं दप्तर राहिलेलं,
गाडी दप्तरासाठीही वाजत होती.

मागं हॉर्न सुरू झाले. एकानं काच खाली करून
माझ्या आईचा उद्धार केला.
त्याच्या मांडीवर, स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून,
एक पोरगा मला बघून हसला.
नेस्ताननं त्याला हात केला.

मी कोपरापर्यंत आत होतो.
बोटांना काहीतरी गार लागलं,
आणि निसटलं.