पातेलं

हाउ नदीच्या एका फाट्यावर
खुयेनच्या तळ्यात पांगस मासे इतके दाट,
की खाणं टाकलं की पाणी उकळल्यासारखं होतं.
मग ते पाणी सोडायचं कुठे?
तीस वर्षं उत्तर एकच : कालव्यात.
पुढच्या वळणावर दिएपचं घर.
तिची भांडी तिथेच, बदकंही.

भांडण झालं नाही. एका सकाळी दिएपने
शिजल्या भाताचं पातेलं
खुयेनच्या पायरीवर आणून ठेवलं.
वास आला. बोलली काहीच नाही.

त्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या शिव्या खात
खुयेनने एक चर अडवला.
बांबूच्या चौकटी, फाटकी जाळी,
त्यात जलपर्णी, जी सगळे उपसून फेकतात,
आणि कडेने नाळीची भाजी.

वरून पाहावं तर नुसता हिरवा आळस.
काम खाली चाललेलं :
फणीत अडकलेल्या गुंत्यासारखी मुळं
गाळ धरून बसलेली,
माशांचं उष्टं पचवून फुगलेली.
पंधरवड्याला कापावीच लागते,
नाहीतर तिथेच मरते, कुजते,
घेतलेलं सगळं परत करते.
हे कळायला चारशे मासे गेले.

आता वळणावरचं पाणी
नितळ म्हणवत नाही.
फिक्या चहाइतकं.
दिएपने हात बुडवला,
आपली नखं दिसतात का पाहिलं.
दिसली. चार.

पातेलं अजून खुयेनकडेच.
नेईन म्हणते दिएप, घाई नाही.
सध्या त्यात भाजीचे देठ ठेवलेत,
मुळं फुटेपर्यंत.