पस्तीस बाय पंचेचाळीस

हसू नको, मीच म्हटलं होतं.
कान दिसू दे. हनुवटी खाली.
हिंगण्याचा वेल्डर, प्रज्योत रंगारी,
सदरच्या माझ्या दुकानात तीनदा बसला.

तो चेहरा आता दम्मामला,
कफीलच्या कपाटात, कुलूपबंद.
प्रज्योत बाहेर, उन्हात,
वेल्डिंगच्या मास्कखाली.

काल त्याची आई आली.
बहिणीचं लग्न, अन् रजेवर सही नाही.
शेठ म्हणतो, व्हिसाचे पैसे ठेव
आणि जा, कायमचा.

"मोठा करून द्या जी फोटो, मांडवात ठेवू.
पण हसरा पाहा एखादा.
असा ठेवला तर
लोकं हार घालतीन."

जुनी फाइल उघडली.
होता एक. पहिलाच.
दात दिसतात म्हणून
मीच बाद केलेला.