हूल

मिरकरवाड्याच्या मासळी-शेडमध्ये
नवा यांत्रिक हात आलाय.
जैबुनचा खांदा हलला की ओळखतो,
ती क्रेटकडे वाकणार,
आणि वाट देतो, अदबीने, आधीच.

महिनाभर कॅमेऱ्यातून तिला पाठ केलीय:
सुरमई डावीकडे, बांगडा बर्फात,
लाँचचा भोंगा झाला की ओढणीला हात.

पण शाळेत ती कबड्डीत चढाईला जायची.
मंगळवारी उजवा खांदा टाकला,
गेली डावीकडे.
हात दचकून मागे.
सोलणाऱ्या बायकांची कोळंबी सांडली हसून.

इंजिनियर पोरगा म्हणाला,
"मावशी, तो चुकीचं शिकतो असं केलं की."
"खेळच शिकतोय ना."

आता ती खरंच वाकली तरी
तो क्षणभर अडतो,
तिच्या डोळ्यांत बघितल्यासारखा.

नवरासुद्धा
इतकं कधी थांबला नव्हता.