दाढ

आधी अम्माची दाढ काढली.
डावी, खालची, शेवटून दुसरी.
विडी कारखान्याचा जिना चढताना जबडा दुखायचा तिचा,
डोक्यावर टोपली, टोपलीत हजार विड्या.
पायरीवर टेकली की थांबायचं.
अशोक चौकातल्या दातवाल्यानं आरसा घालून पाहिलं,
म्हणाला, कीड काही दिसत नाही, पण काढून टाकू.
चारशे रुपये.

पुढच्या आठवड्यात दुखलं ते
नसलेल्या दाढेच्या जागी.

मग पित्त. मग गॅस. मग वय.
मग शेंगाचटणी बंद. मग तंबाखूची धूळ.
मग तीच म्हणाली, बाईच्या जातीला
कुठं ना कुठं दुखायचंच की गं.
मी म्हटलं, हो.

हत्तुरे डॉक्टरांनी विचारलं,
चढताना दुखतं? बसल्यावर थांबतं?
दोनच प्रश्न.
तीन वर्षं कुणाला सुचले नाहीत,
त्यात माझंही नाव धरा.

पट्ट्यावर चालवलं तिला, पदर खोचून.
चार मिनिटं चालली, कुठंच पोचली नाही.
कागदावरची रेघ मात्र खचली,
जुनी बाज मधोमध खचते तशी.

मग मनगटातून तार.
मी बाहेर बाकावर हिशेब मांडला:
या मनगटानं दिवसाला हजार,
वर्षाचे तीनशे दिवस, चाळीस वर्षं.
आकडा कोटीच्या पुढं गेला तेव्हा
माणसानं आतून हाक मारली,
बालमणी वंगारीचं कोण आहे?

तीन ठिकाणी बारीक झालेलं.
एक तर दोऱ्याएवढं.
डॉक्टरांनी चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं, बायपास.
म्हणजे? अम्मानं विचारलं.
म्हणजे हैदराबादचा ट्रक गावात न शिरता बाहेरून जातो, तसं.
मग गावातल्या चहावाल्यानं काय करायचं?
डॉक्टर हसले नाहीत. विचारात पडले.
पायातली शीर घेऊ, म्हणाले.
पाय काय करील मग?
पायाला दुसऱ्या आहेत.
म्हणजे पाय आपला श्रीमंत, अम्मा म्हणाली,
आणि केशरी कार्ड पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

पाच तास लागले.
त्यातला दीड तास तिचं हृदय थांबवून ठेवलेलं,
बदलीवर एक मशीन.
त्या वेळी मी खाली कँटीनमध्ये होते.
मे महिना, पंख्याखाली गरम वारा, आणि चहा.
चांगला होता चहा. दोन प्यायले.
हे अजून तिला सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी उशी छातीशी धरून खोकली.
श्वासाच्या डबीत तीन चेंडू असतात, ओढून वर उचलायचे.
तिचा एकच उठला, तोही अर्धा.
छाट, म्हणाली.
चेकर पंचवीसच्या कट्ट्यातली
सैल विडी बाजूला फेकतो
त्याच आवाजात.

घोट्यापासून मांडीपर्यंत टाक्यांची ओळ.
चष्मा मागवून बघितली तिनं, बोटानं, हळूच.
ज्यानं बांधलंय त्याचा हात बरा आहे.
गाठ वर येऊ दिली नाही.

आता कुंभारीच्या घरात ती पानं कापत नाही,
कापणाऱ्या सुनेला चुका दाखवते.
सकाळी वसाहतीच्या टाकीपर्यंत चालते,
परत येते. जबडा दुखत नाही.

परवा कात्रीच्या डब्यात दाढ सापडली,
कागदात गुंडाळलेली.
पांढरी, धडधाकट.
टाकू का, मी विचारलं.
राहू दे, ती म्हणाली, ती खोटं बोलत नव्हती.

मग ताट पुढं ओढलं.
बिनमिठाची कडक भाकरी
उजव्या गालात सरकवली
आणि बराच वेळ
ती मोडत असल्याचा आवाज येत राहिला.