फर्मा

संध्याकाळी या, फ्लोरियान म्हणाला होता,
सकाळचा पाय खोटं बोलतो.
दिवसभर उभं राहून, फुगून
तो आपल्या खऱ्या आकाराला आला
की मग विचारू त्याला.

मडगावच्या त्याच्या दुकानात
कागदावर उभा राहिलो, अनवाणी.
पेन्सिल टाचेमागून निघाली,
बाहेरच्या कडेने सरळ आली
आणि करंगळीपाशी अडखळली.
डावा दोनशे चौऱ्याहत्तर मिलिमीटर,
उजवा दोनशे एकोणऐंशी.
अठ्ठेचाळीस वर्षं मी दोघांना एकच समजत आलो.
"लांबी साडेत्रेचाळीस," तो म्हणाला. "रुंदीचं..."
आणि कागद उजेडाकडे धरून गप्प झाला.

बूट पांढरे. एकेक चार अंड्यांएवढा जड.
तळवा कार्बनचा, दोन्ही हातांनी वाकवून पाहिला,
वाकला नाही.
किंमत वाचून मी थोडा वाकलो.
छत्तीस हजार.
नाडी नाहीच, बाजूला एक चकती,
फिरवली की टिक्, टिक्,
आणि पाऊल कुणी मुठीत धरल्यासारखं.

माशेलहून निघून बाणस्तारी, मंगेशी,
मार्दोळला जायीच्या वळेसरांचा वास ओलांडून
फर्मागुडीचा चढ.
तीन रविवार. वहीत नोंद:
टाच उचलत नाही.
क्लीट दोनदा मागे सरकवली, आता चवड्याखाली नेमकी.
जोराचा थेंब सांडत नाही, पायातला तसाच्या तसा चाकात.
जुन्या बुटांपेक्षा अकरा सेकंद कमी.
आणि दुसऱ्या वळणावर, दर वेळी,
करंगळी आधी तापते,
मग लांब जाते,
मग नसतेच.

वर पोचून टपरीवर चहा.
फरशीवर टक् टक् करत गेलो, कौलावरच्या शेळीसारखा.
चहावाली पायांकडे बघून म्हणाली,
"हे घालून चालायचं कसं?"
चालायचे नाहीतच हे, म्हटलं.
"मग?"

घरी व्हरांड्यात चकती सैल केली, पाय बाहेर काढला.
करंगळीच्या बाजूला लाल वळ
आणि बोटं हळूहळू पसरली,
एकमेकांपासून सुटी, पंजासारखी.
हा पाय मी आधी पाहिलाय.
खालून वर पाहिलाय, मान मोडेपर्यंत,
माडाच्या खोडाला दोन्ही बाजूंनी चिकटलेला,
घोट्यांत काथ्याचा फास.
बापूय पाडेली. दिवसाला चाळीस माड.

माझ्या लग्नाला त्याच्यासाठी बूट घ्यायला फोंड्याला गेलो.
दुकानदाराने होते नव्हते ते सगळे खोके उघडले.
शेवटी बापूयच उठला:
"माडाक बसता म्हजो पांय, म्हाका तितलें पुरो."
अक्षता टाकल्या त्या अनवाणीच.
फोटोत मी त्याला कमरेपर्यंतच घ्यायला सांगितलं होतं.

त्याला तेव्हा माडामागे चार रुपये मिळत.
छत्तीस हजार म्हणजे नऊ हजार माड,
सव्वादोनशे दिवस, एकही खाडा न करता.
हिशेब चुकीचा आहे, महागाई धरलेली नाही,
पंचायतीत आयुष्य आकड्यांतच गेलं, मला कळतं.
तरी केला.

फ्लोरियानला फोन केला. तो म्हणाला,
कंपनी भट्टीत तापवून बूट ओढून देते,
किंवा दुसऱ्या फर्म्यावरचा पाठवते, एक अर्ज भरा.
फर्मा, म्हणजे तो लाकडी पाय
ज्याच्यावर बूट जन्मतो.
कुणाचा असेल तो? परदेशातल्या कुणा सडपातळ माणसाचा,
जो कधी कशावर चढला नसेल
सायकलीखेरीज.

अर्ज समोर आहे.
वजन, वय, आठवड्याला किती किलोमीटर.
समाधानी आहात का, दहापैकी किती.
सात लिहिले. अकरा सेकंद खरेच आहेत,
ते मी कुणाला परत देणार नाही.
मग प्रश्न: आपला पाय रुंद आहे का?
होय. नाही.
खूण करायला चौकट, तांदळाच्या दाण्याएवढी.

माझं उत्तर तिच्यात मावत नाही.
पेन रेघ ओलांडून समासात गेलं:
बूट अरुंद आहे.