ड्राय बाल्कनी

जुना गीझर फुटला तेव्हा
आतून पाव किलो चुना निघाला.
धायरीचं बोअरचं पाणी चौदा वर्षं
कॉइलवर थर चढवत बसलं होतं
आणि आपण शिव्या देत होतो
वीजबिलाला.

मग मी एक्सेल उघडलं.
तुला ठाऊक आहे, मी एक्सेल उघडलं की
महिना जातो.

गॅस गीझर: बाथरूमला खिडकी नाही, बाद.
सोलर: गच्चीवर अकराव्या मजल्यावाल्यांचं राज्य,
आणि आपल्या तिसऱ्यावर ऊन उतरेपर्यंत
दीड बादली गार पाणी मोरीत.
श्रावणात तर तो रुसूनच बसतो.
राहता राहिला हीट पंप.

शोरूमचे बागवान आले.
चहा नको म्हणाले, नंतर दोनदा घेतला.
म्हणाले, साहेब, हा उष्णता तयार करत नाही,
हवेतली ऊब गोळा करून पाण्यात सोडतो.
फ्रिजच समजा, उलटा.
एका युनिटात तीन युनिटांचं काम.

पौषात, पहाटे, धायरीच्या हवेत
कुठली आलीय ऊब? तू विचारलंस.
असते, वहिनी, ते म्हणाले.
आपल्याला जाणवत नाही इतकंच.

हे वाक्य कुठल्या रकान्यात घालावं
मला कळेना.

दीडशे लिटर की दोनशे?
निनाद शॉवरखाली अख्खा पॉडकास्ट संपवतो.
तू एका बादलीत आटपतेस.
मी दोन सांगतो, तीन घेतो
(हे बागवानांना तू सांगितलंस).
किंमत ऐकल्यावर
तू खिडकीतून सिंहगडाच्या टॉवरकडे बघत राहिलीस.
सात वर्षांत वसूल, मी म्हटलं.
सात वर्षांनी तू बहात्तरचा,
तेव्हा रोज आंघोळ करशील ना?

जागा मात्र एकच निघाली. ड्राय बाल्कनी.
बागवानांनी टेप लावली, भिंतीवर पेन्सिलनं खूण केली.
टाकी इथं. गार हवा इकडून बाहेर पडेल,
उन्हाळ्यात फुकटचा एसी!
आपण तिघंही हसलो.

खाली लंका कुकर घासत होती.
तार थांबली.
“थंडीत बी हितनंच येनार का गार वारं?”

बागवानांनी टेपकडे पाहिलं,
मी कॅटलॉगकडे, तू माझ्याकडे.

“माझी पाठ हितं असती,”
ती म्हणाली, पेन्सिलच्या खुणेखाली ओला हात टेकवून,
जणू तीही मापच देत होती.
आणि तार पुन्हा चालू.

नऊ वर्षं ती तिथं बसते,
त्याच फरशीवर, पाट उभा करून भिंतीला.
माझ्या एक्सेलमध्ये चौदा रकाने होते.
‘घरात माणसं किती’ मध्ये
मी तीन लिहिलं होतं.

मग एक एल्बो वाढला, वाऱ्याचं तोंड
जाळीतून बाहेर वळलं.
वरचे खांबेटे ओरडले, ते कशालाही ओरडतात.
गरम पाण्याची एक लाईन बाल्कनीतल्या नळाला.
दोन हजार तीनशे जादा, जीएसटी वेगळा.
बागवान म्हणाले, ही लाईन सहसा कुणी मागत नाही.

मार्गशीर्षातली सकाळ. मी मीटर बघायला गेलो होतो.
पंप घरघरत होता, जुन्या स्कूटरसारखा,
दोन गल्ल्या पलीकडून येणाऱ्या.
लंकानं नळ सोडला
आणि हात झटकन मागं.
“आगं आई गं, भाजलं की!”
मग गार नळ थोडा सोडून
हात परत धाराखाली.

बराच वेळ.
खाली भांडं कुठलंच नव्हतं.

आतून तू म्हणालीस, पाणी वाया चाललंय बघ कुणाचं तरी.
दारापर्यंत आलीस,
बघितलंस,
काही बोलली नाहीस.