प्रमाणित नक्कल

खिडकीपलीकडून सिलावटजी विचारतात, नंबर?
नंबर नाही, तर मग सन?
एकोणसाठ, मी म्हणते, किंवा साठ.
ज्या वर्षी मला शाळेत नादारी मिळाली
ते वर्ष.

त्यांना कळत नाही. त्यांच्या हिंदीत
फी नुसती माफ होते.
आमच्याकडे एकच शब्द दोघांना पुरला,
माझा दरमहा सव्वा रुपया वाचवला त्याने
आणि दादांना इंदूरच्या जिल्हा कोर्टात उभं केलं.

अर्जात एक रकाना: नक्कल कशासाठी हवी.
पेन थांबतं. घर विकायचं नाही,
वारसाबिरसा काही नाही, भाऊ तर
इटारसीला गेला तो तिकडेच संपला.
'निजी लिख दो, अम्माजी,'
रांगेतला वकिलाचा पोरगा सांगतो. लिहिते.
डिंकाची बाटली कोरडी,
तिकीट थुंकीनेच चिकटवते.

मग फेऱ्या.
एकदा रजिस्टर बाइंडिंगला गेलेलं.
एकदा सिलावटजीच उज्जैनला, साडूच्या मुलाचं लग्न.
तिसऱ्यांदा म्हणाले, चला, तुम्हीच शोधा.

आत गॅमेक्सीनचा वास,
लाल फडक्यांतले बस्ते छतापर्यंत.
ज्यांची ज्यांची दिवाळी निघाली नाही, दिवाळं निघालं,
ते सगळे एकमेकांच्या डोक्यावर:
छावणीतला अत्तरवाला,
मारोठियातला कुणी किराणा,
एक तंबूतला सिनेमावाला, पडद्यासकट.
कुणीही यावं, तिकीट लावावं, बघावं.
आणि आमच्या घरी
हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.

नादारी प्रकरण सतरा, सन साठ.
दिगंबर सखाराम झोकरकर,
शुभ्रा छाप साबण, जुनी इंदूर.
हुकूम इंग्रजीत, त्याला हिंदी तरजुमा,
यादी मात्र दादांच्या हातची,
बारीक, डावीकडे कललेली:
कढया दोन, पैकी एक गळकी.
साचे अकरा.
तराजू एक, वजनांत अच्छेर नाही.
छाप मारण्याचा पितळी शिक्का,
'शु'चा उकार झिजलेला.

मी हसले. सिलावटजींनी चष्म्यावरून पाहिलं.
बुडताना माणूस
उकाराचीसुद्धा कबुली देतो?

पान उलटलं. देणी.
खोबरेलवाला बोहरा, दोन हजार नऊशे.
सोडाखार, सातशे चाळीस.
हमाल बाबूलाल, तीन आठवड्यांची मजुरी.
बोट सरकत सरकत तेराव्या ओळीवर:
सौ. वत्सला भ्र. दिगंबर झोकरकर,
पाटल्या दोन, साडेपाच तोळे,
किंमत सातशे पंधरा.
पुरावा: तोंडी. व्याज: ठरलेले नाही.

भ्रतार तोच, ऋणको तोच,
एकाच ओळीत.
बोहऱ्याच्या आणि बाबूलालच्या रांगेत
त्यांनी आईला उभं केलं होतं,
शपथेवर, कोर्टासमोर,
घरात जे कधी म्हणाले नाहीत ते.
आईनेही पाटल्यांचं नाव काढलं नाही.
लग्नकार्यात काचेच्या बांगड्या
जरा जास्त भरायची, एवढंच.

रिसीव्हरने सगळं विकून
रुपयाला नऊ नये पैसे वाटले.
बोहऱ्याची सही आहे. बाबूलालचा अंगठा.
तेराव्या ओळीपुढे: गैरहजर.
चौसष्ट रुपये पस्तीस, कोर्टात जमा.

बिचारीला कळलंच नसेल, असं वाटलं.
फाइल बांधता बांधता नोटीस उलटी झाली,
पाठीवर, पोच म्हणून,
चौथी शिकलेल्या हातची मोठाली अक्षरं:
वत्सला.
खाली तारीख, नऊ फेब्रुवारी.

म्हणजे वाचलं होतं.
घडी घालून कुठे ठेवलं असेल, पिठाच्या डब्याखाली?
दादा जेवायला बसले तेव्हा
त्या दिवशी काय वाढलं होतं?

फाइलीत तेवढं नाही.

'वो पैसा अभी कहाँ होगा?' मी विचारते.
सिलावटजी लाल फडक्याला गाठ मारतात.
त्याचा अर्ज वेगळा, म्हणतात.
दोन नंबरची खिडकी.
जेवणाची सुट्टी झाल्यावर.